कडूबाईचा अर्धा गुंठा

साखर कारखान्याच्या कॉलनीमागे, क्वार्टर आणि कालव्याची चारी यांच्यामध्ये, एक पडीक पट्टी होती. वेड्या बाभळी, फुटकी कौलं आणि कॉलनीभरची डुकरं, एवढंच तिथलं पीक. सत्तर सालचा पोळा झाला आणि कारखान्याला काय सुबुद्धी सुचली कोण जाणे, ती पट्टी साफ करून तिचे अर्ध्या अर्ध्या गुंठ्याचे तुकडे पाडले. चिठ्ठ्या टाकून ते कामगारांना द्यायचे, ज्याने त्याने घरच्यापुरता भाजीपाला करायचा, आणि चारीचं पाणी दर आठ दिवसांनी अर्धा तास, असं ठरलं.

बॉयलरवर काम करणाऱ्या सहादेवला यात काडीचा रस नव्हता. पाळी संपली की जेवून आडवं व्हायचं, हे त्याचं शेत. पण त्याची बायको कडूबाई हटून बसली.

"चिठ्ठी टाका म्हंजी टाका."

"अगं, तुला बाजरीबिगर काय येतंय? वांग्याचं रोप कधी हातात तरी धरलंय का?"

"शिकंन की. तुमी बॉयलर काय आईच्या पोटातून शिकून आल्ता व्हय?"

सहादेव हसला आणि चिठ्ठी टाकून आला. त्यालाही ठाऊक होतं, बायकोला वांग्यांची हौस नव्हती. तिला तिच्या बापाला जेवू घालायचं होतं.

कडूबाई पाथर्डीच्या पलीकडच्या माळावरची. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, निदान ही तरी यमाला गोड लागू नये. तिची आईही लवकर गेली. मग सूर्यभानने, म्हणजे तिच्या बापाने, या एकुलत्या लेकीला पाठीवर घेऊनच बाजरी पेरली आणि खुडली. आता तो दर हंगामाला बैलगाडी जुंपून ऊसतोडीला याच कारखान्यावर यायचा. आठवड्याला एकदा लेकीच्या दारात यायचा, बाहेरच्या पायरीवर टेकायचा, तंबाखू मळत खुशाली विचारायचा. तहान लागली की गाडीला बांधलेली आपली चरवी आणून तिच्यातलं पाणी प्यायचा आणि उठायचा.

कारण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही रीत. लग्नाला चार वर्षं झाली, कडूबाईची कूस काही उजवली नव्हती. चार वर्षं बापाने तिच्या हातचा घोट घेतला नव्हता. रीत चांगली की वाईट हे ठरवणारे आपण कोण? पण जो कुणी ती पहिल्यांदा काढून बसला, त्याला लेक नसणार, एवढं पैजेवर सांगता येईल.

कडूबाईच्या डोक्यात मात्र एक किडा वळवळत होता. गावी हुरड्याच्या दिवसांत बाप वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाळी घालायचा. ओळखीचा, बिनओळखीचा, व्याही, मास्तर, कोणीही रानात टेकायचा आणि मूठभर खाऊन जायचा. रानात बसलेला माणूस कुणाच्या घरात बसलेला नसतो. मग आपलंही रान असलं तर?

सात नंबरची चिठ्ठी सहादेवच्या नावाने निघाली. आठ नंबर गोजरबाईचा होता. ही कोल्हारच्या मळ्यात जन्म घालवलेली म्हातारी, मुलगा कारखान्यात फिटर म्हणून कॉलनीत राहायला आलेली. जीभ विळ्यासारखी, पण हात सढळ. तिने आपल्या वाफ्यातली वांग्याची, मिरचीची, टोमॅटोची रोपं काढून दिली, वर पपईचं एक रोपही दिलं. कडूबाईने जमीन इतकी भुसभुशीत केली होती की गोजरबाईलाही नाव ठेवायला जागा सापडेना. मातीशी तिची ओळख जुनीच होती. ओळख नव्हती ती पाण्याशी.

पाण्याची पहिली पाळी आली. दारं धरायची म्हणजे काय, ते गोजरबाईने तिला नीट दाखवलं होतं. पाटाच्या काठची माती खोऱ्याने ओढून वाफ्याचं दार फोडायचं, वाफा भिजला की तीच माती लोटून दार बांधायचं, पाणी पुढच्या वाफ्याला द्यायचं. सोपं काम. कडूबाईने दार फोडलं. पाणी आत शिरलं, रोपांच्या बुडांभोवती फिरलं, मातीतून बुडबुडे आले, आणि ती बघतच राहिली. जिथं एका घागरीसाठी अर्धा कोस चालत जायचं आणि विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरायचं, तिथली ती पोर. पाणी आपल्या पायाने चालत घरी आलेलं तिने जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं. त्याच्या तोंडावर दार लावायचं? वाफा भरला, वरंब्यावरून पाणी सांडलं, तरी ही खोरं धरून उभीच.

"अगं बये, दार बांध!" गोजरबाई ओरडली. "वांग्यांना पवायला शिकवतीस का काय?"

"जरासं पिऊ द्या की, मावशी. तानेली हायेत."

असं एकदा नाही, पाच पाळ्या झाल्या. दर वेळी ती घरून पक्कं ठरवून निघायची आणि दर वेळी पाणी पाहिलं की विरघळायची. आधी पपईने मान टाकली. मग मिरची पिवळी पडली, टोमॅटोची बुडं सडली. वांगी तेवढी लाजेकाजेस्तव उभी होती. कडूबाईला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून ती सकाळ-संध्याकाळ हंड्याने आणखी आणून घालू लागली! सहादेवने कपाळाला हात लावला.

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, आणि सूर्यभान पायरीवर येऊन टेकला. कडूबाईने धीर करून विचारलंच.

"आबा, घरी न्हाई तर न्हाई. पर माझ्या रानात जेवाल का?"

म्हाताऱ्याने तंबाखू मळता मळता हात थांबवला. मग म्हणाला, "रानात? रानात जेवीन की. रानात कुनाची ना न्हाई. दाव तर."

ती त्याला मागे घेऊन गेली. अर्ध्या गुंठ्यात घोट्याएवढा चिखल, त्यात काळी पडलेली बुडखी आणि एका कोपऱ्यात एक बेडूक.

"कडे," म्हातारा हळूच म्हणाला, "ह्ये रान न्हाई बाळा. ह्ये तळं हाय." तो लगेच गाडीकडे वळला. लेकीचा पडलेला चेहरा त्याला बघवला नाही.

कडूबाई वरंब्यावर बसून हमसाहमशी रडली. गोजरबाई गवत काढता काढता तिच्याजवळ आली आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता बोलली.

"पोरी, तू झाडं हयगयीनं न्हाई, मायेनं मारलीस. ऐक. झाडाला थोडी तान लागू द्यावी. तान लागली की मूळ पान्याच्या मागं खाली जातंय. वरच समदं मिळालं तर ते खाली कशाला जाईल?"

"पर मावशी, तानेल्याला पानी असून द्यायचं न्हाई... मला न्हाई जमत ते."

"मग माझ्याकडं बघ. मी म्हनलं बांध, की डोळे मिटून बांधायचं."

आणि तसंच झालं. चिखल वाळवला, जमीन पुन्हा उकरली. नवी वांगी लावली, गाजर पेरलं, कडेने घेवडा टोकला, मेथी फेकली, एका ओळीत हरभरा टाकला. आठ दिवसांनी पाणी आलं की पलीकडून आरोळी यायची, "बांध!" आणि कडूबाई खरोखर डोळे मिटून, ओठ दाताखाली धरून माती लोटायची. मधल्या दिवसांत भर दुपारी पानं मलूल दिसायची तेव्हा तिचा जीव तुटायचा. दोनदा ती हंडा भरून निघाली आणि दोनदा सहादेवने दाराला पाठ लावून तिला अडवली. संध्याकाळी तीच पानं टवटवीत उभी राहायची. ती पानांना हात लावून बघायची आणि स्वतःशीच हसायची.

मेथी आली, तेव्हा तिने कॉलनीभर जुड्या वाटल्या. वांग्याला पहिलं जांभळं फूल आलं, तेव्हा ती सहादेवला जेवणावरून उठवून दाखवायला घेऊन गेली. घेवड्याच्या शेंगा लोंबल्या. गाजर किती झालं हे बघायला ती रोज एक उपटायची, शेवटी गोजरबाईने खुरपं उगारलं तेव्हा कुठे उरलेली वाचली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. टोळ्यांना सुट्टी कसली, पण कारखान्याच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली की नंबर यायला दोन-तीन तास सहज जात. सूर्यभानची गाडी रांगेत लागल्याचं सहादेवने येऊन सांगितलं. कडूबाईने सकाळीच आपल्या वाफ्यातली वांगी, गाजरं, घेवडा, हरभऱ्याचे घाटे तोडून भोगीची भाजी केली होती. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी फडक्यात बांधल्या, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि पाटी डोक्यावर घेऊन ती थेट रानात गेली. म्हाताऱ्याला सहादेव तिकडेच घेऊन आला.

सूर्यभान वरंब्यावर उभा राहिला. वांग्याची झाडं गुडघ्याएवढी, पानांआड काळीभोर वांगी, गाजराचा हिरवागार पाला. त्याने वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली आणि टोपी काढून मांडी घालून तिथेच बसला.

"वाढ," तो म्हणाला.

कडूबाईने इतक्या घाईने वाढलं की निम्मी भाजी भाकरीच्या बाहेर पडली. म्हातारा खाली मान घालून जेवत राहिला. चार भाकरी खाल्ल्या त्याने. मध्ये एकदा उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "तिखट लई झालंय." तिखट काही झालेलं नव्हतं. पलीकडे गोजरबाई उगाचच स्वच्छ वाफ्यातलं गवत शोधत होती.

तेवढ्यात पाटाला पाणी आलं. त्या दिवशी पाळी सात नंबरचीच होती. कडूबाई उठायला लागली, तर म्हाताऱ्याने तिचा हात धरून खाली बसवली. "तू जेव. आज दार मी धरतो."

त्याने खोरं घेतलं, दार फोडलं, पाणी आत शिरलं. वांग्यांच्या बुडांभोवती फिरलं, मातीतून बुडबुडे आले. म्हातारा बघत उभा राहिला. वाफा भिजला. वाफा भरला.

"आबा, बांधा आता."

"व्हय की."

पाणी वरंब्याला टेकलं.

"आबा!"

"बांधतो गं. जरासं पिऊ दे की. तानेली हायेत."

पलीकडून गोजरबाई खो-खो हसत सुटली. "घ्या! ह्यो रोग बापापासूनचा हाय व्हय!" सहादेवही पोट धरून हसायला लागला. कडूबाईने भाकरीचा घास तसाच ठेवला, बापाच्या हातातून खोरं घेतलं आणि उघड्या डोळ्यांनी, ओठ न चावता, एका दमात दार बांधलं. पाणी थबकलं आणि वळून आठ नंबरकडे निघालं.

सूर्यभान लेकीकडे बघतच राहिला. मग पाटाच्या कडेला उकिडवा बसला, हात धुतले आणि वाहत्या पाण्याची ओंजळ भरून प्याला. आणखी एक भरली, तीही प्याला.

दुरून त्याच्या नंबराची हाळी आली. तो उठला, टोपी घातली.

"फुडची पाळी कवा हाय?"

"आठ दिवसांनी, आबा."

"येतो मग. दार मी फोडीन, बांधायचं तू बघ." दोन पावलं जाऊन तो पुन्हा वळला. "आन् कडे, भाकरी जास्तीच्या कर."