आणखी एक तीन

"काय होऊन राह्यलं व तुले? चेहरा काहून उतरला?" जागेश्वरनं विचारलं.

त्याच्या बायकोनं, रत्नाबाईंनी, मांडीवरच्या कागदावरून नजर काढली नाही. साकोलीहून निघालेली एसटी लाखनी ओलांडून भंडाऱ्याकडे धावत होती. डब्याला गुंडाळलेलं वर्तमानपत्र काढून त्याच्या कोऱ्या कडेवर त्यांनी पेन्सिलीनं भागाकार केला होता. तोच त्या पुन्हा पुन्हा तपासत होत्या. बाकी शून्यच येत होती.

गोष्ट एकोणऐंशी सालची. रत्नाबाई साकोलीजवळच्या एका शाळेत गणित शिकवत. फळ्यावर ३१, ३३१, ३३३१ लिहिताना एकदा त्यांच्या ध्यानात आलं, की या सगळ्या मूळ संख्या आहेत. एक आणि स्वतःखेरीज कशानंच भाग जात नाही. तेव्हापासून त्यांना स्वस्थता नव्हती. डावीकडे एकेक तीन वाढवत त्या भागत सुटल्या. ३३३३३३३१ नं तर दोन वर्षं घेतली. तिचं वर्गमूळ ५७७३ च्या आसपास, म्हणून तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहायचं होतं. चुलीवर भात करपायचा. शेवटी स्वयंपाक जागेश्वरनं आपल्याकडे घेतला.

भाग कशानंच गेला नाही. ही साखळी कधी तुटायचीच नाही, असं रत्नाबाईंना वाटू लागलं. मुख्याध्यापकांनी तर जिल्ह्याच्या शिक्षक संमेलनात 'रत्नाबाईंचा नियम' म्हणून त्यांचं भाषणच ठरवून टाकलं.

पुढच्या संख्येला आणखी कितीतरी वर्षं लागणार, म्हणून ती त्यांनी हाती घेतली नव्हती. आज त्याच संमेलनाला निघताना बसमध्ये जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून उगाच सुरुवात केली. तीन, सात, अकरा, तेरा. सतरानं भाग गेला.

"नियम तुटला जी," त्या हळूच म्हणाल्या.

जागेश्वरनं तो कागद घडी करून डब्याखाली सरकवला. "आज सांगू नोको. तिथं कोन भागून पाहाते?"

"मी पाह्यलं ना."

"म्या गावभर सांगून ठेवलं, रत्ना."

"मले माहीत हाय."

सभागृह भरलं होतं. मुख्याध्यापकांनी तोंडभर कौतुक केलं. रत्नाबाईंनी फळ्यावर एकाखाली एक संख्या लिहिल्या. ३३३३३३३१ पर्यंत टाळ्या पडल्या. मग त्यांनी आणखी एक तीन वाढवून लिहिलं: ३३३३३३३३१ = १७ × १९६०७८४३.

"हे मला आज येताना कळलं," त्या म्हणाल्या. "नियम चुकीचा आहे."

मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. मागून कुणीतरी ओरडलं, "मंग बाई, दोन वर्षं पान्यात गेली म्हना की!"

हशा पिकला. एकटा जागेश्वर हसला नाही.

हशा ओसरेपर्यंत रत्नाबाई थांबल्या. "आठ आकडी संख्या मूळच आहे. माझा नियम खोटा निघाला, ती नाही."

पुढचे वक्ते उभे राहिले होते. शिपाई फळा पुसायला आला.

"थांबा, मी पुसते."

त्यांनी खालून पुसायला सुरुवात केली. ३३३३३३३१ पाशी हात क्षणभर अडला. मग तीही त्यांनी पुसली, आणि पदरावरचा खडू झटकत त्या जागेवर येऊन बसल्या.