खातं-पितं घर

"दिल्या घासाचं गं नाव, नको आणूस ओठावरी
पेरल्या दाण्याचं गं, माती सांगंना घरोघरी"

हा आवाज माझ्या आईचा. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. भाईंदर पश्चिमेला आमच्या इमारतीच्या जिन्यात शेजारच्या हंसाबेनच्या इशिताशी माझं भांडण पेटलं होतं. मी तिला ओरडून म्हटलं, "काल आमच्याकडे घावणे खाल्लेस ना, ते परत दे!" आई पिठाच्या हातांनी बाहेर आली, दंडाला धरून मला आत नेलं. मारलं नाही. परातीपुढं बसली आणि पीठ मळता मळता ही ओवी म्हणाली. तिच्या माहेरची, जात्यावरची. भाईंदरच्या दोन खोल्यांत जातं कुठलं यायला, पण ओव्यांना जागा लागत नाही, त्या आल्या होत्या.

दहा वर्षं मी त्या ओवीवर जीव लावला. मग एका रविवारी मला तिचा असा संताप आला की वाटलं, हिला गळ्यातच गाडून टाकावी.

ते साल दोन हजार चार. मी बारावी झाले होते आणि फार्मसीला माझा नंबर लागला होता. कॉलेज चांगलं, फी आमच्या आवाक्याबाहेरची. बाबा पूर्वेला स्टीलच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश मारायचे. दुसऱ्यांच्या ताटांत त्यांनी आयुष्यभर चकाकी भरली, स्वतः घरी यायचे ते शिसपेन्सिलीने रंगवल्यासारखे करडे होऊन. अर्धी फी त्यांनी सोसायटीतून कर्ज काढून भरली होती. उरलेली महिनाअखेर भरायची, नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

म्हणून मी स्कॉलरशिपा धुंडाळत सुटले. वर्तमानपत्रांतली कात्रणं, कॉलेजच्या फलकावरचे कागद, कुणाकुणाच्या ओळखी. एका ट्रस्टला नव्वद टक्के हवे होते, मला ब्याऐंशी. दुसऱ्याला मुलीचे वडील वारलेले हवे होते. तिथली बाई खिडकीतून म्हणाली, "फादर आहेत? मग नाही बसत यात." जणू बाबांनी जिवंत राहून माझी वाट अडवली होती. सरकारी सवलतीला उत्पन्नाचा दाखला हवा, तो ठाण्याला, आणि तिथला साहेब कायम "आत्ताच बाहेर गेलेत." तीन खेपा घालून दाखला मिळाला तेव्हा सवलतीची तारीख उलटली होती. बँकेला जामीनदार हवा होता, आणि आमच्या ओळखीतला कुणी जामीन राहण्याजोगा असता, तर बँकेकडे गेलो कशाला असतो?

उरलं आमच्या गावाकडच्या लोकांचं मंडळ. पंचक्रोशीतल्या हुशार मुलांना ते दरवर्षी शिक्षणाला मदत करायचं. मी अर्ज केला आणि उत्तर आलं: कार्यकारिणीचे सदस्य रविवारी दुपारी बारा वाजता घरी भेट देऊन परिस्थितीची पाहणी करतील. खाली अध्यक्षांचं नाव आणि गाव. नाव हरिश्चंद्र नाना. आईनं मला ते पत्र दोनदा वाचायला लावलं. "कुठल्या गावचे म्हणालीस गं?" मी गाव सांगितलं. ती तांदूळ निवडत बसली.

मुलगी बघायला येतात तसे हे गरिबी बघायला येणार होते. मंडळाची ही रीत सगळ्यांना ठाऊक होती, आणि तिच्यावरचा उताराही. पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या एका गाववाल्या बाईंनी बाबांना रीतसर शिकवलंच, "टीव्ही दिसता कामा नये हो. आमच्या रोशनच्या वेळी पंखा दिसला तर विचारलंन, कितीला घेतला."

शनिवारी संध्याकाळी बाबांनी टीव्हीला चादर गुंडाळली आणि आजारी माणसाला न्यावं तसा दोन्ही हातांवर उचलून हंसाबेनकडे नेला. मग मिक्सर. मग मला दहावीला मिळालेलं घड्याळ.

"अरे धर्माजीभाई, रख दो, रख दो," हंसाबेन म्हणाली. "मेरे यहाँ अब दो टीवी हो गये. एक पे सास देखूंगी, एक पे बहू."

इशिता खो खो हसली. मला नाही हसू आलं. भिंतीवर टीव्हीमागचा चौकोन पांढरा राहिला होता, आणि त्या चौकोनाकडे बघून माझ्या कानशिलांत रक्त ठोठावत होतं. ओव्हरटाइम करून घेतलेली वस्तू चोरीच्या मालासारखी लपवायची. कशासाठी, तर माझे ब्याऐंशी टक्के पुरेसे केविलवाणे दिसावेत म्हणून!

आणि एवढं सगळं करून आईनं काय केलं? रविवारी सकाळी डोंगरी गावची कोळीण मावशी दारावर सुकी मासळी घेऊन आली तर तिच्याकडून बोंबील घेतले.

"ताजं न्हाय गं बाय, पावसाळा हाय," मावशी म्हणाली, "पन ह्ये बोंबील बग कसं हायत. पावनं येतात काय?"

"येतायत," आई म्हणाली.

मी स्वयंपाकघरात तिच्या मागे उभी राहिले. "आई, फक्त चहा. बाबांनी सांगितलंय ना? फक्त चहा."

"बारा वाजता येणाऱ्या माणसाला चहा?"

"ते जेवायला नाही येत आहेत! आपण किती गरीब आहोत ते बघायला येतायत!"

"बघू दे की. भाकरी खाऊनबी बघता येतंय."

"अगं, उपाशी दिसायला हवंय आपल्याला."

तिनं माझ्याकडे तशीच नजर टाकली, जशी जिन्यातल्या त्या दिवशी टाकली होती. मग परातीत पीठ घेतलं. तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी, बोंबलाचं कालवण, सोलकढी. बाबा दारात उभे राहून नुसते म्हणाले, "तू ऐकणार नाहीस." शेवटी हंसाबेनकडून तिनं चांगल्या वाट्याही मागून आणल्या. टीव्ही तिकडे गेला आणि वाट्या इकडे आल्या. एकाच दारातून आम्ही गरिबीही उसनी आणली आणि अब्रूही.

बरोबर बाराला दोघे आले. हरिश्चंद्र नाना पन्नाशीपुढचे, पांढरा सफारी, बोटात पुष्कराज. बरोबर साईराज म्हणून एक तरणा कार्यकर्ता, फाईल आणि पेन घेऊन. नानांनी चपला काढायच्या आधी छताकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग त्या पांढऱ्या चौकोनाकडे. तिथे जरा थांबले.

"कॅलेंडर होतं वाटतं मोठं," ते म्हणाले.

बाबांनी मान खाली घातली. माझ्या बाबांनी. मी ओठ चावला.

मग प्रश्न. किती माणसं कमावती, जागा स्वतःची का, गावाला आंबे किती. मला म्हणाले, "फार्मसीच का? डी.एड. कर ना. मुलींना बरं पडतं." साईराज लिहीत होता. माझ्याकडे न बघता लिहीत होता, एवढी तरी त्याला शरम होती.

"उशीर झालाय," आई आतून म्हणाली. "जेवून घ्या."

"नको, नको," नाना म्हणाले आणि बसले.

मी वाढत होते. बाबांच्याच कारखान्यातली ताटं, किंचित पोचा आलेली म्हणून कामगारांना स्वस्तात मिळायची ती. नानांनी पिठी ओरपली. भाकरीचा तुकडा मोडून पुन्हा बुडवला. "व्वा! अशी पिठी कित्येक वर्षांत नाही खाल्ली. वाढ अजून." आई तव्यापाशी होती. तिचा हात भाकरीवर थांबला होता, पदर जळेल इतकी ती आगीजवळ वाकली होती, आणि ती काही तरी ऐकायची वाट बघत होती. मला तेव्हा वाटलं, कौतुकाची. मला तिचीही चीड आली.

पोटात तीन भाकऱ्या गेल्यावर नानांना भाषण सुचलं.

"तुला सांगतो मुली, मदत मदत करून कुणी मोठं होत नाही. आमच्या गावात हायस्कूल नव्हतं. परक्या गावात राहून शिकलो मी. उपाशी शिकलो. चार वर्षं कुणी एक घास दिला नाही. पाणी पिऊन अभ्यास केलाय आम्ही. आणि आज बघ." त्यांनी आणखी एक घास मोडला. "तुमचं तसं बरं चाललंय. खातं-पितं घर आहे. मंडळाचा पैसा खऱ्या गरजूला गेला पाहिजे. काय साईराज? लिहून टाक, खातं-पितं घर."

संपलं. जेवू घातलं म्हणून संपलं. मी पुढे शिकले. कशी, ते इथे सांगत बसत नाही, त्यात मंडळाचा एक पैसा नव्हता एवढंच खरं. पण त्या क्षणी माझ्या हातात सोलकढीची वाटी होती आणि ती त्या पांढऱ्या सफारीवर ओतावी, गुलाबी डाग कधी निघू नये, एवढं एकच मला कळत होतं. बाबा म्हणाले, "नाना, जरा विचार करा हो." हात जोडलेले. मी तोंड उघडणार तेवढ्यात तव्याचा आवाज आला. आईनं तवा खाली आपटला होता.

ती बाहेर आली. पिठाच्या हातांनी, त्या जिन्यातल्या दिवसासारखी. तिच्या तळहातातली शेवटची भाकरी तशीच होती, अर्धी थापलेली. तिनं ती नानांच्या ताटात टाकली नाही. त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आंबेकोंडला शिकलात ना तुम्ही?"

नाना चमकले. "तुम्हाला कसं माहीत?"

"लग्नात नाव बदललं माझं. शालू केलं. आंबेकोंडच्या विठूची सुलू मी."

नानांचा घास हातात राहिला. तो ना तोंडाकडे गेला, ना ताटाकडे.

"अगो शालू," बाबा कुजबुजले, "जाऊ दे."

"चाळीस वर्षं जाऊच दिलंय." तिचा आवाज चढला नव्हता. ओवी म्हणायची त्याच पट्टीत ती बोलत होती, आणि म्हणून अंगावर काटा येत होता. "तुम्ही आठवीला आमच्या घरी राहायला आलात तेव्हा मी चौथीत होते. घरात तोंडं वाढली, आयेला एकटीला उरकंना, म्हणून बाबांनी माझं नाव काढलं शाळेतनं. चार वर्षं तुमच्या भाकऱ्या मी थापल्या. हीच पिठी. माझ्या पाटीनं मी चुलीला वारा घातलाय, नाना, तुमचा घास शिजावा म्हणून. मास्तर घरी आले हुते, पोरगी हुशार हाय म्हणाले, आणि तुम्ही पडवीत बसून जेवत हुतात. मला वाटलं, पिठी जिभेवर गेली की आठवंल. आपणहून कशाला बोलायचं? घातल्या घासाचं बोलू नाय. लेकीलाबी मी तेच शिकवलं."

तीच ती ओवी; तिनं चाळीस वर्षं आईचं तोंड बांधून ठेवलं होतं, आणि मला ती गळ्यातच गाडून टाकावीशी वाटली. साईराजचं पेन थांबलं होतं. नाना काहीतरी म्हणायला गेले, "सुलू, तसं नव्हे गो," आणि त्यांच्या तोंडून गावची बोली निसटली.

"मदत नका देऊ. तुमचं मंडळ, तुमची मर्जी. पण उपाशी शिकलो म्हणू नका. माझ्या घरात बसून, माझ्या पोरीला तर नाहीच नाही." मग ती साईराजकडे वळली. "लिही रे पोरा, थांबलास का? खातं-पितं घर हाय, लिही. आणि कोण खाऊन गेलं, तेबी लिही."