रागावलेला पाहुणा

हॉटेलच्या मागच्या फाटकाशी अनालिनने नवऱ्याची कॉलर नीट केली आणि ती दोन पावलं मागे सरकली.

"आत गेल्यावर मी तुला ओळखत नाही हं."

"मी तरी कुठे ओळखतो? कोण तू?" रोडेल हसला.

नवरा-बायकोपैकी एकालाच कामावर घ्यायचं, असा या हॉटेलचा नियम होता. ज्याला मिळेल त्याने नोकरी घ्यायची, असं ठरवूनच दोघं आली होती. रोडेलचं जुनं हॉटेल बंद पडल्यापासून दोघं अनालिनच्या भावाकडे राहत होती, आणि भावजय आता भांडी जरा जास्तच आपटायला लागली होती.

मुलाखतीला सहाजण होते. मुलाखत घेणाऱ्या मॅडम व्हिलारिननी त्यांच्या जोड्या लावल्या. एकाने स्वागतकक्षात उभं राहायचं, दुसऱ्याने रागावलेला पाहुणा व्हायचं. नेमकी या दोघांची जोडी लागली.

रोडेलने सुरुवात बेतानेच केली. खोली तयार नाही म्हणजे काय? अनालिनने हसून माफी मागितली, खुर्ची पुढे केली, थंड काही घेणार का विचारलं. मॅडमनी कौतुकाने मान डोलावली. ते रोडेलने पाहिलं आणि त्याचा आवाज चढला.

"हसतेस काय? एक काम तरी धड येतं का तुला? आणि तोंड बघा, जशी काही चूक माझीच!"

त्याला शब्द शोधावे लागले नाहीत. एकामागून एक ते आपसूक येत गेले. अनालिनची नजर खाली गेली. टेबलाची कड घट्ट धरून ती "सर..." एवढंच म्हणाली. आता थांबावं, असं रोडेलला वाटलं. पण मॅडम काहीतरी लिहून घेत होत्या. तो थांबला नाही.

दुपारी मॅडमनी त्याला एकट्याला आत बोलावलं.

"सोमवारपासून या. ओरडणारा माणूस तुम्हाला बरोबर कळतो. त्याला शांतही तुम्हीच कराल."

"आभारी आहे, मॅडम."

"ती मुलगी मात्र रडलीच हो. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, असे पाहुणे इथे रोज येतात. तर म्हणते कशी, पाहुण्यांचं काही नाही मॅडम, ते दोन दिवसांनी निघून जातात." मॅडम हसल्या. "गंमतच आहे. तुमच्या ओळखीची नाही ना?"

"नाही," रोडेल म्हणाला.

अनालिन पुढच्या कोपऱ्यावर उभी होती. तोंड धुऊन आली असावी. कपाळावरचे केस ओले होते. तिने पानात बांधलेला भात आणि भाजलेलं डुकराचं मांस घेऊन ठेवलं होतं. त्याची पुडी तिने आधी पुढे केली.

"मिळाली?"

रोडेलने पुडी हातात घेतली. ती न उघडता तो तसाच उभा राहिला.

"मिळाली," तो म्हणाला. इतक्या हळू, की तिला पुन्हा विचारावं लागलं.