छातीवरचा हात

आमचे हे कधी वाद घालत नाहीत. छातीवर हात ठेवतात. डाव्या बाजूला, हलकेच. मग घरात कोणाची आवाज चढवायची टाप नसते.

त्याला कारण होतं. सासरे ऐन चाळिशीत गेले, मोठे दीर त्याहून लवकर, दोघंही हृदयाच्या झटक्यानं. डॉक्टर म्हणाले, या घराण्यात जनुकातला एक बदल उतरलेला दिसतो. त्यानं रक्तात चरबी वाढते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या तरुणपणीच बुजायला लागतात. पण तो प्रत्येकात येतोच असं नाही, रक्त तपासून घ्या. मागे राहिलेली दोन भावंडं, हे आणि माझी नणंद, एकाच दिवशी तपासून आली. घरी आल्यावर हे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता जपायला हवं." मी पुढं काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काय राहिलं होतं?

तेव्हापासून यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तळण बंद, मीठ बेताचं, जड पिशव्या माझ्या हातात, राग माझ्या पोटात. मी नाटकांचे कपडे बेतते. लेक कॉलेजात असताना कंपनीनं मला दौऱ्यावर बोलावलं, कपड्यांचा सगळा कारभार माझ्याकडे देणार होते. वर्षातला अर्धा काळ बाहेर राहायचं होतं. यांचा हात वर गेला. मी नाही म्हटलं, आणि माझ्याच हाताखाली शिकलेली बाई माझ्या जागी गेली. आता जाहिरातीत तिचं नाव असतं. मी अजून मागच्या खोलीत कात्री चालवते.

आज दुपारी वन्सं कोट सैल करून घ्यायला तिथंच आल्या. वन्सं शाळेची बस चालवतात. त्या रोज गोळी घेतात आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतात. मी खांद्यापाशी टाचण्या लावत होते.

"लेकाचं रक्त तपासलं," त्या म्हणाल्या. "त्याच्यातही उतरलंय गं, माझ्यासारखंच. लगेच गोळ्या सुरू केल्या. आम्हा भावंडांत धाकटा तेवढा सुटला बघ. तेव्हा मी चिडलेच होते त्याच्यावर. म्हटलं, वाईट तेवढं माझ्याच वाट्याला का?"

माझा हात थांबला.

"त्याच्यात तो बदल नाहीच, म्हणजे तुझ्या लेकीलाही त्याचा घोर नाही. त्याला आपली चारचौघांइतकीच भीती. तुला ठाऊकच आहे म्हणा."

मी मान डोलावली. तोंडात टाचण्या होत्या ते बरं झालं. नवऱ्यानं एवढी गोष्ट आपल्याला सांगितली नाही, हे नणंदेपुढं कोण कबूल करणार? त्या गेल्यावर मी कात्री हातात घेऊन बसून राहिले. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि मी तर मान पुढं करून बसले होते.

माझं जे व्हायचं ते झालं, पण लेकीचं अजून हातात होतं. तिला दूरच्या बंदरावर जहाजं बांधायच्या कारखान्यात नोकरी मिळत होती. आठवडाभर ती घुम्यासारखी वावरत होती. मला वाटलं, बापाच्या काळजीनं हीसुद्धा माझ्यासारखीच नाही म्हणणार.

जेवताना तिनं विषय काढला. "बाबा, त्या नोकरीचं..."

यांचा हात वर गेला.

"हात खाली घ्या," मी म्हणाले. "वन्सं आल्या होत्या आज."

हात खाली आला.

"सांगणार होतो," ते म्हणाले. "पण तू इतकं करायला लागलीस... आधी कोणी मला कसं आहे म्हणून विचारत नव्हतं. मग राहूनच गेलं."

राहून गेलं! जणू दूध आणायचं राहिलं. मी लेकीकडे वळले. "तू जा. बाबांच्या हृदयाला काहीही झालेलं नाही. त्यांच्यापायी थांबू नकोस."

"आई, मी कालच हो म्हणून कळवलंय," ती हळूच म्हणाली. "आणि बाबांचं मला माहीत होतं. मी कॉलेजात होते तेव्हाच आत्यानं सांगितलं. मला तपासणीची गरज नाही म्हणून."

"कॉलेजात? दौऱ्याच्या आधी?"

ती काट्यानं भाजी इकडची तिकडे करत राहिली.

"मग मला का नाही बोललीस?"

"तू गेली असतीस ना," ती म्हणाली. "घरी आल्यावर तू दिसलीस की बरं वाटायचं." मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "आताही तू आहेस म्हणूनच मी निर्धास्त जातेय. बाबांना एकटं कसं ठेवणार? तू राहशील ना त्यांच्याजवळ?"

माझाच हात छातीवर गेला. मुद्दाम नाही, आपोआप. आत खरंच काहीतरी दुखत होतं. मी तो तसाच धरून दोघांकडे बघत राहिले.

यांनी वरण पुढं ओढलं. लेक निघायची तारीख सांगायला लागली.