अडतीस वह्यांमधला रिकामा रकाना

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी ऋचाने नाकातून पोटात घालायच्या नळीचं टोक स्वतःच्या नाकाला लावलं. तिथून नळी कानाच्या पाळीपर्यंत नेली, पाळीपासून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आणली आणि तिथे पेनाने खूण केली. रुग्ण म्हणून पलंगावर संग्राम पडला होता. संग्राम सहा फुटांचा, ऋचा जेमतेम पाच.

त्याआधी ऋचाने या कामाच्या अकरा पायऱ्या न अडखळता म्हणून दाखवल्या होत्या. त्यातली चौथी होती, ‘रुग्णाच्या नाकापासून मोजावे.’

मागून कोणीतरी म्हणालं, “मॅम, संग्राम का खाना रास्ते में ही उतर जाएगा.” वर्ग हसला. शिकवणारी लतिका हसली नाही. नळी आखूड पडली तर अन्न पोटात पोचत नाही, वर येतं, फुप्फुसात जातं, आणि माणूस दगावू शकतो. हे तिने याच वर्गाला दोनदा शिकवलं होतं.

“कोणाचं नाक मोजलंस, ऋचा?” तिने मराठीत विचारलं. ऋचाचे वडील नागपूरचे, रेल्वेत इंजिनियर. मुलीला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

“मॅम, आप ही ने तो ऐसे सिखाया था.”

खरं होतं. उत्तरेतल्या हिंदी मुलखात, चिनहटच्या या खाजगी नर्सिंग कॉलेजात सरावाचा पुतळा होता, पण काचेच्या कपाटात, कंपनीच्या प्लास्टिकसकट. गेल्या वर्षी मुलांच्या सरावात जुन्या पुतळ्याची मान तुटली आणि तपासणीत कॉलेजवर शेरा पडला. तेव्हापासून नव्याला हात लावायला बंदी. मग लतिकानेच शक्कल काढली होती. प्रत्येकाने सुतळी घ्यायची आणि स्वतःच्या नाकाकानावर मोजायची. मुलांनी ती रीत इमानाने घटवली. इतकी, की समोर माणूस झोपलेला असतानाही हात स्वतःच्याच नाकाकडे वळला.

तिने बाकीच्यांना बाहेर काढलं आणि एकेकाला आत बोलावलं. अडतीसपैकी एकोणतीस जणांनी स्वतःला मोजलं. आपण शिकवलं नसतं तर मुलं निदान चुकीचं तरी शिकली नसती, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच संताप आला.

त्याच दुपारी ती कपाटाची किल्ली मागायला प्रिन्सिपॉल मधुमती मॅडमकडे गेली. मॅडमनी चहा मागवला, किल्ली दिली नाही. तपासणी वीस तारखेला आहे, त्यानंतर पुतळा तुमचाच, म्हणाल्या. लतिकाने सांगितलं की मुलं सोमवारपासून वॉर्डात जाणार आहेत, तिथे पलंगावर पुतळे नसतात. मॅडमनी विषय वह्यांवर आणला. प्रत्येक विद्यार्थ्याची एक वही असते. त्यात नळीच्या कामापुढे तीन रकाने: पाहिलं, मोजमाप केलं, स्वतः तीन वेळा केलं. तिन्हींवर शिकवणाऱ्याची सही लागते. अपुऱ्या वहीवर परीक्षेचा फॉर्म भरला जात नाही, आणि फॉर्मची मुदत शनिवारी संध्याकाळी पाच.

“सब जगह ऐसे ही होता है, लतिकाजी. बच्चे वॉर्ड में सीख लेते हैं.”

“कोणावर शिकतात, मॅडम?” लतिकाच्या तोंडून मराठीतच निघालं. मॅडमना कळलं असावं. त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला.

बुधवारी तिने पायऱ्या म्हणून घेणं बंद केलं. उंच आणि बुटके अशा जोड्या लावल्या आणि सांगितलं, मी काही सांगणार नाही. एकाने मोजायचं, दुसऱ्याने चूक पकडायची, आणि ती का झाली ते वर्गाला समजावायचं. पहिला तास गोंधळात गेला. गुरुवारी दुपारपर्यंत अडतीसच्या अडतीस जण समोरच्याला मोजत होते. ऋचाने तर संग्रामची चूक अशी फोड करून सांगितली की तो वैतागून म्हणाला, “अब तू ही मैडम बन जा.”

पण मोजणं वेगळं आणि नळी आत घालणं वेगळं. पुतळ्याऐवजी मुलांनी पाण्याची बाटली कापून त्यात वाकडा पाइप बसवला. ऋचाने दोनदा नळी घातली आणि हात झटकले. “मॅम, बोतल खाँसती नहीं.” नळी चुकून श्वासनलिकेत शिरली की माणूस खोकतो. खोकला तर पुतळ्यालाही नव्हता. निदान घसा होता.

गुरुवारी संध्याकाळी ती इंदिरा नगरला घरी पोचते न पोचते तोच ऋचाच्या वडिलांचा, नंदकुमारांचा फोन आला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दरवर्षी भेट व्हायची. “वहिनी, आपलीच मुलगी आहे. इथे आपण चार घरं, एकमेकांना नाही बघायचं तर कोणाला? तिचं वर्ष जाईल हो.” लतिकाने विचारलं, उद्या तुम्हीच वॉर्डात पडलात आणि ऋचा नळी घेऊन आली तर? ते एवढंच म्हणाले, “सही कराल ना?”

शुक्रवारी साडेचारला ऑफिसातले आत्माराम वह्या न्यायला आले. लतिकाने अडतीस वह्यांत पहिल्या दोन रकान्यांवर सह्या केल्या होत्या. तिसरा कोरा होता. आत्मारामनी दोन-तीन वह्या उलटून पाहिल्या, गठ्ठा उचलला आणि मॅडमच्या खोलीत नेऊन ठेवला.

दारात ऋचा उभी होती. “मॅम, आपकी बात सही है,” ती म्हणाली. “पर साइन कर दीजिए.” आणि मग मराठीत, शब्द जुळवत, “आम्ही नंतर शिकू. नक्की.”

उद्या किल्ली मिळाली तर मी पहाटेही येईन आणि मुदतीच्या आत अडतीस जणांकडून करून घेईन, असं लतिकाने रात्री मॅडमना लिहून पाठवलं. संदेश वाचला गेल्याची खूण आली, उत्तर आलं नाही.

शनिवारी दुपारी पावणेतीनला वह्या मॅडमच्या टेबलावर होत्या, तिसरा रकाना कोरा होता आणि मॅडमनी खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं. बाहेर व्हरांड्यात अडतीस मुलं जमिनीवर बसून होती. फॉर्म एकाचाही गेलेला नव्हता.