गंगाधरकाकांची जागेवरची गाडी

माझं डोकं फिरलं ते धुरामुळे नाही, मीटरमुळे. अठरा वर्षांची मोटरसायकल आणि आकडा फक्त साठ किलोमीटर! एवढं तर डिलिव्हरीवाला एका दुपारी मारतो.

"काका, मीटरची केबल तुटलीये का?"

"मुळीच नाही. सगळं ओरिजिनल आहे," गंगाधरकाका ताठ मानेनं म्हणाले.

लालबागमध्ये माझं गॅरेज आहे आणि समोरच्याच चाळीत काका राहतात. हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. गाडी रस्ता ओलांडून आणायला तयार नाहीत. मलाच पाने घेऊन चाळीच्या चौकात बोलावलं. वर फाईल पुढे केली. आत चाळकमिटीची नोटीस होती: जी गाडी रविवारी नाक्यापर्यंत जाऊन परत येणार नाही, ती भंगार समजली जाईल आणि तिची पार्किंगची जागा यादीतल्या पुढच्या नंबराला मिळेल.

"गौतम, जागा गेली तर मी मेलो रे. पेट्रोलमध्ये भेसळ आहे, तेवढं बघ."

भेसळ म्हणे! किक मारली तर पाय लोण्यात गेल्यासारखा खाली गेला. म्हणजे इंजिनात दाबच उरला नव्हता, कॉम्प्रेशनच्या नावानं बोंब. चौथ्या किकला सुरू झाली आणि निळा धूर सोडला. निळा म्हणजे ऑइल जळतंय. प्लग काळाकुट्ट, ओला. ऑइलचा थेंब बोटावर घेतला तर त्याला पेट्रोलचा वास. लाखभर किलोमीटर घासलेल्या इंजिनाची ही लक्षणं. आणि टायर बघावेत तर कारखान्यातले रबरी केस अजून तसेच!

"काका, खरं सांगा. ही गाडी तुम्ही चालवता कशी?"

"चालवतात कुठे?" वरच्या गॅलरीतून कालिंदीकाकू म्हणाल्या. "रोज पूजा झाली की चोक ओढायचा आणि जागच्या जागी वीस मिनिटं घुरघुर. बाजारात जायचं तर पायी. मी माझगावला ताईकडे जायचं तर दोन बसेस."

"अगं, गाडी काढली की हितेंद्रची स्कूटर आत घुसते!" काका खेकसले. "यादीत पहिला नंबर त्याचा आहे. टपूनच असतो मेला."

आता सगळं कळलं. रोज चोकवर उभी ठेवल्यानं जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकत होतं. पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासल्या, सिलिंडरचा बोअर गेला. न चालता झिजलेलं इंजिन मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मी जाम भडकलो, काकांना नको ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, "धूर बंद होईल ना?"

सिलिंडरचा ब्लॉक काढून लेथवर नेला, बोअर करून घेतला, नवीन पिस्टन-रिंगा टाकल्या, ऑइल बदललं. गाडी मात्र चौकातून इंचभर हलू दिली नाही हो त्यांनी.

रविवारी सकाळी सेक्रेटरी रजिस्टर घेऊन उभे. हितेंद्र स्कूटर सुरू करून तयारीत. काकांनी गाडी काढली आणि त्या रिकाम्या जागेत काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं.

"हलायचं नाही हं!" असं दोनदा बजावून ते निघाले.

दहा मिनिटांत परत. धूर नाही, खडखड नाही. सेक्रेटरींनी रजिस्टरमध्ये 'चालू' लिहिलं. काकांच्या चेहऱ्यावर काय आनंद! मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

काकू उठल्या. खुर्ची उचलून भिंतीला लावली.

"हितेंद्र, लाव बाबा स्कूटर."

हितेंद्रनं ऐकलं मात्र, पुढच्या क्षणी स्कूटर आत.

"अगं, वेड लागलं का तुला?" काका ओरडले. "अठरा वर्षं सांभाळलेली जागा!"

"तेच तर," काकू म्हणाल्या आणि पदर खोचून गाडीवर काकांच्या मागे बसल्या. "माझगावला चला. ताई वाट बघतेय."

काकांनी चौकभर नजर फिरवली. स्टँड लावायला कुठे वीतभर जागा नव्हती. शेवटी त्यांनी गिअर टाकला.