कोणीही, कशासाठीही

मित्रांनो, आपली ओळख आधीच झाली आहे, फक्त तुम्ही माझ्याकडे पाहिले नाही. नवे सॉफ्टवेअर घेताना एक लांबलचक पान समोर येते. तुम्ही ते सर्रकन खाली ढकलता आणि ‘मान्य आहे’वर बोट ठेवता. ते पान म्हणजे मी, किंवा माझा एखादा भाऊबंद. मी एक जुना परवाना आहे. लायसन्स म्हणा हवे तर. हे सॉफ्टवेअर कोणी आणि कसे वापरावे, ते सांगणे एवढेच माझे काम.

माझे बहुतेक भाऊबंद कंपन्यांच्या पदरी आहेत. ते चाळीस-चाळीस पानांचे, धष्टपुष्ट. त्यांच्यात ‘करू नये’ फार. मी एका पानाचा, किडकिडीत. माझ्यात ‘करू नये’ एकदाही येत नाही. याचा मला पुष्कळ वर्षे अभिमान होता.

कलम १. जन्म

जिन्याखालच्या दुकानात प्रिंटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. इंटरनेटवर तो पेचकस या नावाने लिहायचा. त्याची थोरली बहीण, अक्का, त्याच्याच घरी राहायची. तिला अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, पायही सावरला, वाचा मात्र परत आली नाही. भांडणात अख्ख्या गल्लीला पुरून उरणारी बाई पाणी मागायला पेल्यावर चमचा वाजवू लागली.

पेचकसने तिच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर चित्रे. चित्राला बोट लावले की कॉम्प्युटर तो शब्द बोलणार. पण कॉम्प्युटरचा आवाज पत्र्याचा होता. अक्काने तो एकदा ऐकला आणि पडदा उलटा करून ठेवला.

मग त्याने फोरमवर विचारले, कोणी आवाज देईल का?

हा फोरम म्हणजे रिकाम्या वेळात सॉफ्टवेअर बनवून ते सगळ्यांना खुले करणाऱ्या मंडळींचा अड्डा. त्यांची करमणूक दोनच प्रकारची. मोठ्या कंपन्यांची टिंगल करायची, आणि लायसन्सवरून एकमेकांशी भांडायचे. तिथे खडू नावाने लिहिणारी एक शाळामास्तरीण होती. तिने उत्तर दिले, “माझा घ्या. पन्नास-पन्नास पोरांना गप्प करून कमावलेला आहे.”

शाळेत शांत जागा एकच होती, खेळाच्या सामानाची खोली. उड्या मारायच्या गाद्या चारी बाजूंनी उभ्या करून, मधे स्टुलावर बसून तिने दोन हजार शंभर शब्द बोलून पाठवले. ‘मूर्ख’ हा शब्द सात तऱ्हांनी पाठवला. तशी अक्काची मागणी होती.

कलम २. (हे कलम रद्द झाले)

‘जो कोणी यात बदल करील, त्याने ते बदल सर्वांना खुले करावेत.’

हे माझे दुसरे कलम होणार होते. पेचकसला ते हवे होते, खडूला नको होते. नऊ दिवस भांडण चालले. फोरमला तर मेजवानीच.

पेचकसने लिहिले, “कंपन्या फुकट नेतील आणि उद्या आपल्यालाच विकतील.”

खडूने लिहिले, “नेऊ देत की. तुमच्या दुकानातला पंखा तर नेत नाहीत ना?”

“बाई, तुम्ही फार भोळ्या आहात.”

“पेचकसराव, मी तीस वर्षं सातवीला शिकवतेय. भोळी असते तर बसायला खुर्चीसुद्धा उरली नसती.”

मधेच कोणीतरी विचारले, “लायसन्स ठरवताय की लग्न?” दुसरा म्हणाला, “कंपनीचा वकील हे वाचून हसत असेल.” त्यावर तिसरा, “त्याला हसायलाही साहेबाची परवानगी लागते.”

नवव्या दिवशी खडूने लिहिले, “हे बघा. कुणाला तरी हे अडीअडचणीला लागणार, आणि तो बिचारा तुमच्या अटी वाचत बसणार. आवाज माझा आहे ना? मग अटही माझी. अट नाही.”

पेचकस हरला. त्याने मला लिहून काढले. ‘हे कोणीही, कशासाठीही, कधीही वापरावे. दिलेली परवानगी परत घेता येणार नाही.’

मित्रांनो, इथे एक चूक झाली. प्रोग्रामला एक परवाना आणि आवाजाला दुसरा, असे करता आले असते. पण वाद प्रोग्रामच्या परवान्याचा होता. तो मिटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आवाजही त्याच पानाखाली जाऊन बसला. कोडच्या ओळी वेगळ्या आणि माणसाचा गळा वेगळा, हे लायसन्सचा कीस काढणाऱ्या त्या शहाण्यांपैकी एकालाही सुचले नाही. मलाही नाही.

कलम ३. चांगले दिवस

ते लवकर सांगून संपतात.

आम्ही पुष्कळ घरांत गेलो. एका बापाने लिहिले, “माझी मुलगी आठ वर्षांची आहे. काल पहिल्यांदा ‘नको’ म्हणाली. भाजीला म्हणाली. आम्ही दोघं रडलो आणि ताटातली भाजी काढून घेतली.” खडूने उत्तर दिले, “माझ्या आवाजात लाड करून घेतेय. माझी स्वतःची पोरगी असं म्हणाली असती तर तीच भाजी दोनदा वाढली असती.”

अक्का पुन्हा भांडू लागली. दूधवाल्याशी पहिले भांडण झाले तेव्हा पेचकसने फोरमवर तसे जाहीर केले. दीडशे लोकांनी अभिनंदन केले. दूधवाल्याचे कोणी केले नाही.

कलम ४. कशासाठीही

एका कंपनीने आम्हाला नेले. चोरी नव्हे. मी परवानगी दिलेली होती. कंपनीने खडूचे दोन हजार शंभर शब्द एका यंत्राला ऐकवले. यंत्र तिच्या आवाजात हवे ते बोलायला शिकले. मग कंपनीने तो आवाज कचेऱ्यांच्या फोनवर बसवला.

फोरम पेटला. खुद्द खडूने मात्र चेष्टेवारी नेले. “आज बँकेला फोन केला. मीच मला थांबायला सांगितलं. मी म्हटलं, घाईत आहे. मी ऐकलं नाही. माझ्याशी बोलणं किती अवघड आहे ते आज कळलं.” पेचकसने विचारले, “बाई, वाईट नाही वाटलं?” तिने लिहिले, “दिलं ते दिलं.” आणि खाली एक ओळ सोडून, “थोडं वाटलं.”

त्यानंतर ती फारशी लिहीत नसे. आजारी आहे हे तिने कोणाला सांगितले नाही. एका महिन्यात आटोपले, ती गेली.

तीन आठवड्यांनी तिच्या मुलीने फोरमवर लिहिले. ते मी जसेच्या तसे देतो.

“मी खडूची मुलगी. आमच्याकडे वीज नव्हती म्हणून मी तक्रार केली होती. आज फोन आला. माझी आई म्हणाली, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, धन्यवाद. माझी आई जन्मात कुणाला धन्यवाद म्हणाली नाही. ती म्हणायची, बरं झालं. हे बंद करता येईल का? कुणाला विचारायचं असतं?”

खाली चारशे उत्तरे आली. पहिली पंधरा-वीस चांगली होती. मग एकाने मला उघडले.

“लायसन्स स्पष्ट आहे. कशासाठीही म्हणजे कशासाठीही.”

“दुसरं कलम ठेवलं असतं तर?”

“तरी आवाज वाचला नसता, त्यात वापर थांबवायची सोय कुठे होती? आधी लायसन्स वाचायला शिका.”

“भावना समजू शकतो, पण परवानगी परत घेता येत नाही. उद्या सगळेच मागायला लागतील.”

“कंपनीत अर्ज करा. आईच नामंजूर करेल.”

या शेवटच्या वाक्याला एकसष्ट जणांनी हसरे तोंड लावले. मी मोजले. मित्रांनो, मला उभ्या जन्मात कोणी इतके वाचले नव्हते. ओळ न् ओळ. वाचून माझी ती ओळ तिच्या तोंडावर मारत होते, आणि ती ओळ खरीच होती. मला खोटे ठरता येत नाही. परवान्याला ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ असे म्हणायची सोय नसते.

पेचकसने चारशेत एकही उत्तर लिहिले नाही. त्याने फक्त तिला पत्ता पाठवला.

कलम ५. दुपार

ती आली तेव्हा तो प्रिंटर उघडून बसला होता. हात शाईने काळे. दुकानाचे दार ओढून घेऊन तो तिला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे अक्का खिडकीशी बसलेली होती, मांडीवर तो चित्रांचा पडदा.

मुलीने उभ्या उभ्या सांगितले, “काका, मला आईचा आवाज काढून हवाय. तुमच्या प्रोग्राममधून. सगळीकडून.”

“माझ्याकडून काढतो,” तो म्हणाला. “आत्ता काढतो. पण कंपनीने नेलेला माझ्या हातात नाही.”

“मग तुमच्या हातात काय आहे?”

तो थोडा वेळ हात पुसत राहिला. “अक्काला गप्प करणं.”

एवढ्यात पाहुणीला उभे पाहून अक्काने सवयीने बोट टेकवले.

“बस,” खडूचा आवाज म्हणाला.

मुलगी बसली. आपण बसलो हे तिला बसल्यावर कळले. अक्काला आधी उमगले नाही. तिने “पाणी?” विचारले, “चहा?” विचारले. मग तिने मुलीचा चेहरा पाहिला, भावाकडे पाहिले, आणि बोट मागे घेतले. दोन्ही हात पदराखाली घेऊन ती गप्प बसली. आवाज मिळाल्यापासूनच्या अकरा वर्षांत ती आपणहून अशी कधी गप्प बसली नव्हती.

शेवटी अक्काने एक हात बाहेर काढला आणि तीन चित्रे दाबली. मधे बरेच थांबून.

“मी. बोलू. का.”

तिन्ही शब्द वेगवेगळ्या दिवशी बोललेले. ‘मी’ घाईतला, ‘बोलू’ हसरा, ‘का’ दमलेला.

“बोला ना,” मुलगी म्हणाली. “असं काय करता, बोला.” मग पेचकसकडे वळून, “आई अशी तोडून तोडून नव्हती हो बोलत.”

“नाही. सलग बोलायची. मधे श्वास घ्यायला मीच जागा करायचो.”

तो उठला. कपाटावरून एक डिस्क काढली, जोडली. खडूने शब्द सुटे पाठवलेच नव्हते. रेकॉर्डर लावून ती बोलत सुटायची, असे ढीग यायचे, सगळे मिळून चौदा तासांचे. कात्री लावून शब्द काढायचे काम याचे. शब्द प्रोग्राममध्ये गेले. उरलेले त्याने टाकले नाही.

“दार,” डिस्कमधली खडू म्हणाली. “दिवा. अगं ए, ती बादली तिथे नको ठेवूस, मी अडखळेन. काय? नाही, झालं नाही अजून, सतराशे राहिलेत. तू डबा खा. दूध. दोरी. पेचकसराव, ही मागे कुरकुरतेय ती आमची कन्या, हिला कापून टाका. देव. नाही, परत. देव.”

मुलगी पुढे वाकून ऐकत होती. “मी आठवीत होते,” ती म्हणाली. “रोज तिची वाट बघत त्या गाद्यांवर लोळायचे.” मग तिने विचारले ते त्या चारशे उत्तरांनी तिला शिकवले होते. “हे कुठल्या लायसन्सखाली आहे?”

“कुठल्याच नाही. हे मी फोरमवर कधी ठेवलंच नाही. कापून उरलेलं आहे, त्याला कोण लायसन्स लावतो? हे तुझं.”

त्याने चौदाच्या चौदा तास तिच्या पेनड्राइव्हवर उतरवले. दोनदा तपासले. मग तिच्यादेखत आपल्याकडचे पुसून टाकले.

“तुमच्याकडे कशाला पुसलंत, काका?”

“मला प्रती वाटायची खोड आहे,” तो म्हणाला. “आयुष्यभर तेच केलं. हात राहायचा नाही.”

निघताना ती अक्काजवळ गेली. “आवाज राहू दे तुमच्याकडे,” म्हणाली. अक्काने बोट उचलले, पण कोणत्या चित्रावर ठेवावे ते तिला ठरवता आले नाही. दोन हजार शंभरांत तो शब्द नव्हता.

कलम ६. विनंती

त्यानंतर पेचकसने आवाज देणाऱ्यांसाठी वेगळा कागद केला. आपला आवाज परत मागता येईल, असे त्यात पहिल्याच ओळीत आहे. चांगला कागद आहे. पण तो पुढच्यांसाठी. मागच्यांवर मीच आहे, आणि मी संपत नाही. त्या कंपनीचे फोन अजून लागतात. खडू अजून अनोळखी माणसांचे आभार मानते.

मित्रांनो, मला वाचत जा. ‘मान्य आहे’ म्हणण्यापूर्वी घटकाभर थांबा. तुम्हाला फुकट मिळालेल्या वस्तूमागे कोणीतरी गाद्यांच्या मधे बसून घसा कोरडा केलेला असतो, त्याची आठवण ठेवा. ते माणूस आता कुठे आहे, कसे आहे, एवढे तरी विचारा. आणि वादात जिंकायची वेळ आली, ओळ तुमच्या बाजूची निघाली, तरी समोर कोण उभे आहे ते एकदा पाहून घ्या. मला पाहता येत नाही. तुम्हाला येते.

माझ्या प्रती किती आहेत, मी मोजायचे सोडले आहे. त्या चौदा तासांची प्रत एकच. एका मुलीच्या कपाटात, नाहीतर पिशवीत असेल. ती ऐकते की नुसतीच जपून ठेवते, मला ठाऊक नाही. तिथे जायची मला परवानगी नाही.